हौदावरचा भोंगा

कलिंगड मीरिमनं मुद्दाम सेझिमच्या वजनाचं निवडलं होतं. बाजारात एक एक काट्यावर ठेवून बघताना विकणारी बाई वैतागून म्हणाली, "अहो डॉक्टर, पाहुणे यायचेत की काय एवढे?"

"पाहुणे नाहीत. पाण्यात टाकायचंय."

बाईला वाटलं गार करायला. मीरिमनं पैसे मोजून दिले.

घरी सगळे हौदाच्या कठड्याशी जमले. तिचा नवरा कुबानिच, सासूबाई, घराची राखण करणारे जूमार्त-आबा, आणि आजीच्या कडेवर बसलेली चार वर्षांची सेझिम. मीरिमनं फाटक उघडलं, उथळ बाजूच्या पायरीवर उभं राहून कलिंगड सोडून दिलं. डुबुक असा आवाज झाला आणि पुढच्या क्षणी काठावर बसवलेला पांढरा डबा असा किंचाळला की जूमार्त-आबांनी कानावर हात ठेवले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा त्याचा जोडीदारही आतून किंचाळू लागला. काठावरचं बटण दाबेपर्यंत दोन्ही गप्प झाले नाहीत.

"वा!" कुबानिच म्हणाला. "आता कलिंगडं सुरक्षित."

सगळे हसले. मीरिमही हसली, पण फाटक आपोआप मिटतंय ना, कडी खटकन पडतेय ना, हे तिनं पुन्हा एकदा बघून घेतलं.

इसिक-कुल सरोवराच्या काठावर, चोक-ताल गावी, हे घर त्यांनी नुकतंच बांधलं होतं. वाळू संपली की सरोवर. एवढं पाणी समोर पसरलेलं असताना अंगणात हौद कशाला, असं जूमार्त-आबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. पण सरोवराचं पाणी जूनमध्येसुद्धा अंगावर काटा आणतं, आणि कुबानिचचं बिश्केकला फरशांचं दुकान. निळ्या फरशांचा हौद मित्रांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. मीरिमनं अट घातली होती. उभ्या गजांचं कुंपण, चढायला आडवी पट्टी कुठेही नको. फाटकाची कडी सेझिमचा हात पोचणार नाही इतकी उंच. कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, खेळणं काही ठेवायचं नाही. आणि हा भोंगा.

"हौद बांधतोयस की तुरुंग, असं लोक विचारतात मला," कुबानिच कुरकुरला होता.

"विचारू देत."

बिश्केकच्या मुलांच्या इस्पितळात ती तातडीच्या विभागात होती. ओले केस कपाळाला चिकटलेली मुलं तिनं टेबलावर घेतली होती. त्यांच्या आयांचं बोलणं प्रत्येक वेळी तेच असायचं: आम्ही तिथंच तर होतो, काही आवाजच आला नाही. आवाज येत नाहीच. बुडणारं मूल हाक मारत नाही, त्याला तेवढा श्वास नसतो. लोकांना हे कितीही सांगितलं तरी खरं वाटत नाही.

कुणी काही न टाकता पहिल्यांदा भोंगा वाजला तो दुपारच्या जेवणाला. सगळे ओट्यावर सावलीत बसले होते. सेझिम आजीच्या मांडीवर बोर्सोक, पिठाचे तळलेले गोळे, खात होती, बोटं तेलकट. भोंगा वाजला तशी मीरिम उठली, मुलीकडे बघितलं, मुलगी इथंच आहे हे डोळ्यांनी बघितलं, तरीही धावली. कुबानिच तिच्या मागे. वाळूवर जाळं निवडत बसलेले जूमार्त-आबा जाळं टाकून धावले.

हौदात कोणी नव्हतं. फाटकाची कडी लागलेली होती. पाण्यावर वर्तुळं होती, विरत चाललेली. ती उथळ बाजूच्या पायरीपासून निघाली होती.

"सीगल बसला असेल," कुबानिच म्हणाला.

"एवढा जड?"

"मासा घेऊन बसला असेल. बटण दाब आधी, डोकं फुटतंय."

दोन दिवसांनी पुन्हा. या वेळी मीरिम सेझिमला न्हाऊ घालत होती. साबणाच्या हातांनी मुलीला टॉवेलात गुंडाळून ती धावली. पाण्यावर तीच वर्तुळं, त्याच पायरीपासून. मग पाहुणे आले त्या दिवशी, शश्लिकच्या, मांसाचे तुकडे ओवलेल्या सळ्या नुकत्या निखाऱ्यावर ठेवल्या तेव्हा. मग सासूबाई नमाज पढत असताना. वारा नव्हता. आकाशात पक्षी नव्हता.

यंत्र बसवणारा माणूस काराकोलहून आला. त्यानं भोंगा काढून बादलीत घालून बघितला, काठाशी कान लावून बघितला, शेवटी नवाच बसवून दिला. जुन्यात काही दोष नाही, असंही प्रामाणिकपणे सांगितलं. "मी जरा कमी हळवा करून ठेवतो, ताई. आता पान पडलं, पाखरू बसलं तर वाजणार नाही. माणूसच पडायला हवं."

तो जेवून निघाला. गाडी मोठ्या रस्त्याला लागली नसेल तोच भोंगा वाजला.

त्या दिवशी सासूबाईंनी नजर-बाधा जावी म्हणून अरचाच्या झाडाची वाळकी डहाळी पेटवून हौदाभोवती धूर फिरवला. कुबानिच खिडकीतून आईकडे बघत होता. "एने, जरा फरशा जपून हं, काजळी धरेल."

"तुझ्या फरशांना काही होत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्या धुराकडेच बघत राहिल्या. धूर पाण्यावर जात नव्हता. काठापाशी येऊन खाली बसत होता.

जुलै आला. भोंगा आता रोजच वाजायचा, आणि घर त्याला सरावलं. जूमार्त-आबा आधी धावत यायचे, मग चालत येऊ लागले, मग वाळूवरूनच मान उंचावून बघू लागले. कुबानिच पाव मोडता मोडता म्हणायचा, "जा, कलिंगड पडलं बघ." सासूबाई सेझिमला नुसतं जवळ ओढून घ्यायच्या. बटण दाबायला कोणी जायचं यावरून थट्टा चालायची. मीरिम तेवढी दर वेळी धावायची. धापा टाकत कठड्याशी उभी राहायची, तळापर्यंत नजर फिरवायची, परत यायची, आणि तोवर चहा निवलेला असायचा.

"अगं, पोरगी तुझ्या डोळ्यांसमोर बसलीये," कुबानिच एकदा चिडून म्हणाला. "मग धावतेस कुणासाठी?"

मीरिमनं निवलेला चहा ओतून टाकला.

रजा संपून ती आठवड्यासाठी बिश्केकला कामावर गेली. वॉर्डात सकाळी एका बाळाला जोडलेल्या यंत्रानं टुकटुक सुरू केलं. ही यंत्रं दिवसभर उगाच वाजतात. बाळानं पाय हलवला तरी वाजतात. पलीकडच्या नर्सनं पाठमोरं राहूनच हात मागे नेला, बटण दाबलं, आणि मैत्रिणीशी चाललेलं बोलणं पुढे चालू ठेवलं.

मीरिम तिला रागावणार होती. नेहमी रागवायची. पण या वेळी ती त्या मागे गेलेल्या हाताकडे बघत राहिली.

भोंगा बिघडलेला नव्हता. त्यांना सवय लावली जात होती.

तिनं व्हरांड्यात येऊन घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"एने, आज वाजला का?"

"वाजला की."

"कोण गेलं बघायला?"

"कुठे?" सासूबाईंनी विचारलं. मग त्यांच्याच लक्षात आलं असावं. "सेझिम माझ्याजवळ आहे ग. झोपलीये."

मीरिमनं पुन्हा रजा घेतली आणि दुपारीच गाडी काढली. वाटेत खिंडीत पाऊस होता, ट्रकांची रांग होती. स्टिअरिंगवरचे हात दुखू लागले तेव्हा तिला कळलं की आपण ते घट्ट आवळून धरलेत.

दुसऱ्या दिवशी तिनं एक गोष्ट करून बघितली. जेवण वाढून झाल्यावर ती कुणाला न सांगता कुंपणापलीकडच्या काटेरी झुडपांत जाऊन बसली. झुडपांना हिरवट फळं धरली होती. काटे बाहीत रुतत होते. समोर हौद स्वच्छ उन्हात पडला होता, तळाची एकेक फरशी मोजता आली असती.

पाणी हललं नाही. आधी भोंगा वाजला. ओट्यावरून हसण्याचा आवाज आला, कोणी उठलं नाही. मग पहिल्या पायरीवरचं पाणी दबलं. कुणी पाऊल ठेवावं तसं, हळूच. मग दुसऱ्या पायरीवरचं. वर्तुळं निघाली आणि काठाला येऊन लागली.

भोंगा वाजतच होता. ती जागची हलली नाही.

पायरीवरचं पाणी तसंच दबलेलं राहिलं. काहीतरी तिथं थांबलं होतं आणि घराकडे बघत होतं, असं तिला वाटलं. डॉक्टर बाईला असं वाटणं शोभत नाही हेही वाटलं.

मग भोंगा थांबला. बटण कोणीही दाबलं नव्हतं. बटण दाबल्याशिवाय तो थांबत नाही. आज कोणीही आलं नव्हतं, आणि तो आपणहून थांबला होता.

तिनं कुबानिचला सगळं सांगितलं. त्यानं मध्ये न बोलता ऐकलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "तू किती दिवस झोपली नाहीयेस?"

"हौद रिकामा कर, कुबानिच."

"ऑगस्ट संपला की करतो. रविवारी माझे लोक येणारेत, आधीच सांगून बसलोय."

"मग मी तिला घेऊन बिश्केकला जाते."

"जा. आणि एनेला काय सांगू? सुनेला पाण्याची भुतं दिसतात?" मग तो मवाळला. "हे बघ. तुला त्रास त्या डब्याचा होतोय. सगळ्यांनाच होतोय." त्यानं काठावरच्या डब्याचं झाकण काढून बॅटरी खिशात टाकली. फाटकाला साखळी घालून मोठं कुलूप लावलं, ते दोनदा ओढून दाखवलं. "किल्ली माझ्याकडे. आता मुंगीसुद्धा आत जाणार नाही. रविवार होऊ दे, सोमवारी तू म्हणशील तसं."

ती राहिली. नंतर स्वतःला कितीदा तरी विचारलं तिनं, का राहिले म्हणून. थकली होती, एवढंच खरं. आणि त्या दोन दिवसांत घर इतकं शांत होतं की तिला जेवताना झोप यायची.

रविवारी अंगण माणसांनी भरलं. शश्लिकचा धूर, गाडीतून लावलेली गाणी, बायकांचं कांदा चिरता चिरता चाललेलं बोलणं. मीरिम स्वयंपाकघरात पीठ मळत होती. भिंतीवरचा डबा मुका होता. बाहेर कुणीतरी विनोद सांगत होतं आणि सगळे शेवटाची वाट बघत होते.

तिचे हात पिठात थांबले.

"एने, सेझिम कुठंय?"

"कुबानिचजवळ."

तिनं खिडकीतून बघितलं. कुबानिच निखाऱ्यांशी होता. एकटा. त्यानं तिला बघून हात हलवला आणि हातानंच विचारलं, पोरगी तुझ्याजवळ आहे ना?

ती धावली.

तशाच पिठाच्या हातांनी, अनवाणी, पाहुण्यांच्या मधून. कुणाच्या तरी हातातला पेला पडला. कुबानिच मागून "अगं मीरिम!" म्हणून ओरडला, त्या आवाजात अजून हसू होतं.

साखळी जागेवर होती. कुलूप बंद होतं.

सेझिम आत होती.

पहिल्या पायरीवर नाही. दुसऱ्यावरही नाही. छातीएवढ्या पाण्यात उभी, पाठमोरी. उजवा हात पुढे आणि जरा वर, मोठ्या माणसाचं बोट धरून चालावं तसा.

ती एक पाऊल पुढे गेली. पाणी गळ्याशी आलं.

भोवती कसलाही आवाज नव्हता. गाणंही ऐकू येत नव्हतं.

मीरिम ते कुंपण कशी चढली ते तिला आठवत नाही. आडवी पट्टी नसलेलं कुंपण तिनंच बांधून घेतलं होतं. गजाच्या टोकानं पोटरी फाटली ती तिला नंतर दिसली.

पाणी बर्फासारखं होतं. हौदाचं पाणी असं कधीच नव्हतं. तिनं मुलीला मागून कवेत घेतलं आणि ओढलं.

सेझिम हलली नाही.

मीरिमनं पुन्हा ओढलं. चार वर्षांची पोर, कलिंगडाएवढी, आणि ती जागची हलत नव्हती. पुढे केलेला हात ताठ होता.

"सोड," मीरिम म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही माहीत नाही. "सोड तिला. मी आलेय. मी दर वेळी आलेय."

हात सुटला. दोघी मागच्या मागे पायरीवर आपटल्या.

सेझिम रडली नाही. तिनं वळून आईकडे बघितलं, जरा गोंधळून.

"तू कशी आलीस?" तिनं विचारलं. "ती म्हणाली, आता कुणी येत नाही."

कुबानिचच्या हातून कुलूप उघडेना. किल्ली भोकात जाईना. सेझिम आत कशी गेली हे त्याला सांगता आलं नाही, इतर कुणालाही नाही. गजांमधून तिचं डोकंसुद्धा जात नव्हतं, ते त्यांनी नंतर खेळण्यातला चेंडू लावून बघितलं. हौदातली 'ती' कोण, असं मीरिमनं पुष्कळ दिवस हळूहळू, वेगवेगळ्या वेळी विचारलं. सेझिमला काही आठवत नव्हतं. उजव्या हाताची बोटं मात्र तिची आठवडाभर गार राहिली. मीरिम ती स्वतःच्या काखेत धरून झोपायची.

पाहुणे गेल्यावर सासूबाई ओट्यावर बसल्या आणि पहिल्यांदाच त्याविषयी बोलल्या.

"मला हाक ऐकू आली होती. काल. 'एने' म्हणून, पोरीच्याच आवाजात. मी धावत गेले तर पोरगी आत गादीवर खेळत होती. आज पुन्हा आली." त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "आज नाही उठले मी."

कुबानिच खाली बघत होता. मग म्हणाला, "मलाही आली."

सोमवारी पंप लावून हौद रिकामा केला. मग ट्रकानं माती आणून तो काठोकाठ भरून टाकला. निळ्या फरशा मातीखाली जाताना कुबानिच स्वतः फावडं घेऊन उभा होता. कुंपण काढलं, भोंगा काढला, दोन्ही डबे दगडानं फोडून कचऱ्यात टाकले. मातीवर सासूबाईंनी जर्दाळूची रोपं लावायला सांगितली. घर जूमार्त-आबांच्या हवाली करून सगळे बिश्केकला परतले. विकायचं की ठेवायचं, यावर हिवाळाभर बोलणं निघायचं आणि अर्धवट राहायचं.

मीरिम पुन्हा कामावर रुजू झाली. वॉर्डात कुठलंही यंत्र वाजलं की ती उठायची. नव्या नर्सेस तिला हसायच्या, नंतर हसेनाशा झाल्या. सेझिम बालवाडीत जाऊ लागली, गाणी म्हणू लागली, पावसात डबक्यांतून उड्या मारू लागली. वसंत आला तेव्हा मीरिमला सलग झोप लागायला लागली होती.

मे महिन्यात जूमार्त-आबांचा फोन आला. दुपारची वेळ होती, ती इस्पितळातली ड्युटी संपवून बसस्टॉपवर उभी होती.

"सगळं ठीक आहे ना, आबा?"

"झकास. तुमची रोपं धरलीत सगळी, एकही वाळलं नाही. माती जरा दबलीये मधोमध, एक गाडी आणखी टाकावी लागेल, त्यासाठीच फोन केला. बर्फाचं पाणी मुरलं असणार."

"टाका. कुबानिचला सांगते मी." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाकी काही?"

"बाकी काय असणार?" आबा हसले. "मुलगा-सून कामाला रशियात गेलेत, नात माझ्याकडे सोडून. पाच वर्षांची आहे. दिवसभर तुमच्याच अंगणात असते. घरी माझी म्हातारी म्हणते, पोरीनं आबाला पार गुलाम केलाय."

"म्हणजे?"

"अहो, सारखी हाक मारते. जाळं विणायला बसलो की 'आबा', चहा ओतला की 'आबा'. आधी उठून पळत जायचो, जीव घाबरा व्हायचा. जाऊन बघावं तर पोरगी दुसरीकडेच कुठेतरी खेळत असते, म्हणते मी हाकच मारली नाही. खोडसाळ आहे." पेल्यात चहा ओतल्याचा आवाज आला. "आता नाही उठत मी. माणसाला सवय होते."

मीरिमच्या समोर बस येऊन थांबली. दार उघडलं. ती चढली नाही.

"आबा," ती म्हणाली, "नात आत्ता कुठंय?"

"असेल की इथंच अंगणात," जूमार्त-आबा म्हणाले, आणि जर्दाळूला फळ कुठल्या वर्षी धरेल ते सांगू लागले. त्यांच्या आवाजाच्या मागे, लांबून, एका लहान मुलीनं हाक मारली. मग पुन्हा मारली. आबा बोलतच राहिले.